नवं घर बांधायचं की जुनंच नीट करायचं? काळ्या मातीवरचा हिशोब

सध्या विदर्भात कोणत्याही गावात बसा, विषय एकच, घर. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी २ कोटी ग्रामीण घरं मंजूर केली, महाराष्ट्राला एकाच वर्षात जवळपास २० लाखांचं टार्गेट आलं, त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, मग काय, ज्याला सरकारी मदतीचं घरकुल नाही लागलं तोही म्हणून राहिला की सिमेंट स्वस्त झालं बाप्पा, पाडून टाकू जुनं आणि बांधून घेऊ एकदाचं.

बांधा ना. पण निर्णय ज्या गोष्टींवर होतो त्या मला उलट्या वाटतात. लोक आधी मोबाईलवर समोरचा एलिव्हेशन पसंत करतात, मग टाइल्स, मग किचन ओटा, आणि पाया किती खोल घ्यायचा हे मिस्त्री जेसीबी आल्यावर सांगतो. आता फरशी, रंग, ओटा, वरचा मजला हे सगळं पुढे कधीही बदलता येतं किंवा करता येतं. जागा, पाया, जोत्याची उंची, घराचं तोंड, स्लॅबची उंची हे एकदा झालं की झालं. नवं घर बांधायचं का नाही हे या दुसऱ्या यादीवर ठरवायचं असतं. ही यादी नीट करण्याइतका पैसा हातात नसेल तर माझं सरळ मत आहे की यावर्षी बांधू नये.

आधी सांगा, जुन्या घराचा नेमका त्रास काय आहे?

मातीच्या घराला लोक वैतागतात ते जास्त करून छतापायी. माकडं कवेलू फोडतात, मिरगाच्या आधी कवेलू फेरायला माणूस मिळत नाही, बल्ल्या किडतात, मग कंटाळून टिनं टाकली जातात आणि एप्रिल-मे मध्ये त्या टिनाखाली दुपारी माणूस बसू शकत नाही. म्हणजे भिंतीचा दोष नाही, छताचा आहे. दीड-दोन फूट जाडीची भिंत सरळ उभी असेल, पायथ्याला ओल नसेल, तर नवं छत, खाली फरशी, मागे सांदवाडीत संडास-बाथरूम आणि बाजूला एक पक्की खोली एवढ्यात बऱ्याच घरांचं भागतं, खर्चही पूर्ण घराच्या मानाने बराच कमी येतो.

पाडायचं कधी? भिंत पोटातून फुगली किंवा बाहेर झुकली, वाळवीनं आणि उंदरांनी आतून पोखरली, पायथा दरवर्षी खचतो, किंवा घर नाल्याच्या काठावर आहे आणि पुराचं पाणी आत येतं, तर मग डागडुजीवर पैसा घालू नका, तो वाया जाईल.

यावर कोणी म्हणतं की मातीचं घर टिकतच नाही. सेवाग्रामची बापू कुटी जाऊन पहा, १९३० च्या दशकातली आहे, माती, बांबू, लाकूड आणि कवेलू, आजही उभी आहे. हां, तिथं देखभाल करायला माणसं आहेत, खरी गोष्ट तीच आहे. मातीच्या घराला दरवर्षी थोडं थोडं हात लावणारं कोणीतरी लागतं. सारवणारी, लिपणारी बाई आता सत्तरीची झाली आणि सुनेला ते जमत नाही किंवा करायचं नाही, तर पक्कं घर घेणं यात काही चूक नाही. फक्त कारण हे आहे हे मान्य करा, माती कमजोर असते म्हणून नाही.

कागद: नमुना आठ आणि आठ-अ मध्ये गल्लत

दोन नावं सारखी असल्यानं खूप घोळ होतो. गाव नमुना ८-अ हा तलाठ्याकडचा, त्यात तुमच्या नावावर गावात किती शेतजमीन आहे ते असतं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घराच्या कर आकारणीचा उतारा. घरटॅक्स भरतो म्हणजे जागा माझ्या मालकीची, असं बहुतेकांना वाटतं, पण तो उतारा कर कोणाकडून घ्यायचा हे सांगतो, मालकी पक्की करत नाही. त्यासाठीच २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाण मोजून मिळकत पत्रिका देणं सुरू झालं. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर आधी ती पत्रिका काढा आणि त्यातलं क्षेत्र प्रत्यक्ष जागेशी जुळतं का पहा, शेजाऱ्याची भिंत कुठून कुठं जाते हे पाया खोदण्याआधी कळलेलं बरं.

घर गावठाणाच्या बाहेर शेतात बांधायचं असेल तर एनए म्हणजे अकृषक वापराचा प्रश्न येतो. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला सोपं झालं आहे, वेगळी परवानगी काढत बसावं लागत नाही, रूपांतर कर आणि बाकीची देणी मात्र भरावी लागतात. त्याच्या पलीकडे असाल तर आधी तहसीलला विचारा. शेतीच्या कामासाठी शेतात घर बांधायची सोय कायद्यात आहे, पण बँक साधारणपणे गहाण घ्यायला एनए आणि मंजूर नकाशा मागते.

आणि सगळ्यात मोठं भांडण सातबाऱ्यातलं. जागा अजून आजोबांच्या नावावर आहे, त्यात काका, आत्या, बहिणी सगळ्यांचे हिस्से आहेत, आणि एक भाऊ त्याच्यावर पंधरा लाखांचं घर उभं करतो. २००५ पासून हिंदू वारसा कायद्यानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. आज सगळे गोड बोलतात म्हणून वाटणी पुढे ढकलू नका, वाटणीचा दस्त आधी, भूमिपूजन नंतर.

काळी माती: इथं थांबून वाचा

जुनी गावं बसली ती पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीवर, काळी ठेवली पिकाला. आता गावठाण भरलं, रोडच्या बाजूनं प्लॉट पडले ते सगळे कपाशीच्या काळ्या वावरात. तिथं बांधलेल्या घरांना दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा का जातात, हे कळलं तर निम्मा निर्णय आपोआप होतो.

काळ्या मातीत एक बारीक चिकण खनिज असतं, मॉन्टमोरिलोनाइट त्याचं नाव, परत ते नाव घेत नाही. त्याच्या थरांच्या मधे पाणी शिरतं आणि माती भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी फुगते, उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेलं की आकसते. मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तेच घराखाली होतं. पण सगळीकडे सारखं होत नाही, गडबड इथंच आहे. घराच्या मधल्या भागाखालची माती झाकलेली असल्यानं ओलावा धरून असते, कडेची माती पावसात फुगते, उन्हात आकसते, म्हणजे घराची कड वर-खाली होते आणि मधला भाग जागेवर. विटांच्या भिंतीला ताण सहन होत नाही, ती फाटते.

हा वर-खालीचा खेळ वरच्या साधारण तीन-साडेतीन मीटरमध्ये चालतो, त्याखाली ओलावा वर्षभर जवळपास सारखा राहतो. म्हणून मुख्य उपाय दोन. एक, मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदा आणि पाया त्याच्यावर ठेवा. चार-पाच फुटांवर मुरूम लागत असेल तर नशीब चांगलं, हाच रस्ता घ्या. दोन, काळी माती फारच खोल असेल, पूर्णेच्या खोऱ्यात अकोला-दर्यापूरकडे असते तशी, तर अंडर-रीम पाइल घ्यायचे. म्हणजे ऑगरनं, जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटानं, साडेतीन मीटरच्या आसपास खोल भोक पाडायचं, खालच्या टोकाला ते रुंद करायचं, सळाख टाकून काँक्रीट भरायचं आणि वरून सगळे खांब बीमनं बांधून टाकायचे. खालची रुंदी घराला जागेवर धरून ठेवते, वरची माती काही का करेना. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं हे तंत्र अशा मातीसाठीच विकसित केलं. या पद्धतीत एक गोष्ट मिस्त्री हमखास विसरतो, बीम सरळ काळ्या मातीवर टेकवायचा नाही, खाली फट ठेवायची, नाहीतर माती फुगली की बीमलाच उचलते.

माती किती फुगते हे तपासायची पद्धत ऐकायला गंमतशीर आहे. लॅबमध्ये १० ग्रॅम कोरडी चाळलेली माती दोन काचेच्या नळ्यांत टाकतात, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. २४ तासांनी दोन्ही मोजायच्या. पाण्यातली माती रॉकेलपेक्षा दीडपट भरली तर फुगवटा ५० टक्के, त्याच्या वर गेली तर साध्या पायावर घर उभं करू नका. जवळच्या इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निक कॉलेजात विचारा, ही टेस्ट फार महागडी नाही.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या धानाच्या पट्ट्यात सगळीकडे अशी माती नाही, तिथल्या लोकांनी आपला खड्डा खोदून बघावा, शेजारच्या जिल्ह्याचं ऐकून घाबरू नये.

आणि खारपाणपट्ट्यातले असाल तर अजून एक. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या पट्ट्यात बोअरचं पाणी खारट असतं, ते काँक्रीटमध्ये वापरलं की आतली सळाख लवकर गंजते, गंज फुगतो आणि स्लॅबचे पोपडे पडतात. गोड्या पाण्याच्या टँकरचा खर्च अंदाजात आधीच धरा.

"बारकंच घर आहे, इतका खोल पाया काऊन?"

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि ऐकायला बरोबरही वाटतो, पण काळ्या मातीत गणित उलटं चालतं. माती फुगते तेव्हा वर ढकलते. तीन मजली इमारतीचं वजन त्या जोराला दाबून धरू शकतं, एका मजल्याचं टिनाचं घर हलकं, ते सहज उचललं जातं. भेगा लहान घरांनाच जास्त दिसतात ते यामुळे. खोल पाया परवडत नसेल तर तोच प्लॉट घेण्याचा पुन्हा विचार करा, गावठाणात दोन खोल्या कमी बांधा पण पांढरीवर बांधा.

काही कमी खर्चाच्या गोष्टी तर कोणीही करू शकतो. घराभोवती चार-पाच फूट रुंद पक्का उतार करा म्हणजे छताचं पाणी पायाशी मुरत नाही. न्हाणीचं पाणी आणि संडासचा शोषखड्डा भिंतीला चिकटून नको. आणि निंब, पिंपळ भिंतीपाशी लावू नका, मुळं उन्हाळ्यात पायाखालचा ओलावा ओढून घेतात.

सिमेंट स्वस्त झालं म्हणजे घर किती स्वस्त झालं?

हिशोब करून पाहू. मिस्त्रीचा ढोबळ अंदाज असतो की आरसीसी घराला चौरस फुटाला सिमेंट ०.४ बॅग आणि सळाख साडेतीन-चार किलो लागते. १००० चौरस फुटाला ४०० बॅगा. समजा बॅग ३५० ची होती, टॅक्स २८ चा १८ झाला आणि दुकानदारानं पूर्ण फायदा तुम्हाला दिला, तर बॅगमागे २७ रुपये वाचतात, ४०० बॅगांचे जवळपास ११ हजार. चौरस फुटाला १७०० धरले तर घर १७ लाखांचं. त्यात ११ हजार म्हणजे दोन दरवाजेही होत नाहीत. एवढ्यासाठी घाई करू नका.

आता घरकुल. सपाट भागात १ लाख २० हजार, राज्यानं २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार सोलर लावणाऱ्याला, शिवाय संडासचे १२ हजार, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. सगळं मिळून दोन लाखांच्या थोडं वर जातं. घर किमान २५ चौरस मीटरचं पाहिजे, म्हणजे २६९ चौरस फूट. वाळू धोरणात घरकुलवाल्याला ५ ब्रास रेती मोफत आहे, ब्रास म्हणजे १०० घनफूट. एवढ्यात राबून, टिनाचं छत घेऊन तेवढं घर निघू शकतं. पण होतं असं की घरकुल लागलं म्हणून माणूस ७०० फुटांचा पाया खोदतो, पैसे जोत्यावर संपतात, पुढचा हप्ता कामाच्या टप्प्यावर मिळतो आणि टप्पाच होत नाही. गावोगावी अशी कॉलमं उभी आहेत, वर आलेल्या सळाखी गंजून राहिल्या आहेत आणि माणसं बाजूच्या झोपडीत.

कर्जाचं बोलू. १० लाख, ९ टक्के, २० वर्षं, हप्ता ९ हजार, एकूण फेड साडेएकवीस लाखांच्या वर. महिना ९ हजार ऐकायला काही वाटत नाही, पण वर्षाचे १ लाख ८ हजार, आणि २०२५-२६ च्या ५३२८ रुपये हमीभावानं ते २० क्विंटल सोयाबीन होतं. कोरडवाहू एकरी सहा क्विंटल धरा, तीन-साडेतीन एकरांचं सगळं पीक, बियाणं-खत-मजुरी न काढता, तेही हमीभाव मिळाला तर, जो बाजार समितीत मिळतोच असं नाही. नोकरीचा पगार घरात येत असेल तर मासिक हप्ता ठीक. नुसती शेती असेल तर काही बँका सहामाही हप्ता देतात, तो मागून घ्या, आणि पेरणीचा पैसा घराच्या पैशात मिसळू नका.

"टप्प्याटप्प्यानं बांधू"

हे मला पटतं, पण टप्पा कुठं तोडायचा ते कळलं पाहिजे. पाया आणि कॉलम पुढच्या पूर्ण घराच्या हिशोबानं घ्या, खोल्या आज दोनच करा. उलटं करू नका, म्हणजे आज हलक्या पायावर चार खोल्या आणि दहा वर्षांनी त्याच्यावर मजला, ते जमत नाही. पुढच्या कामासाठी वर सोडलेल्या सळाखी उघड्या ठेवू नका, कच्च्या काँक्रीटमध्ये झाकून टाका, नंतर ते फोडता येतं.

"पोरं तर पुण्यात, बांधायचं कोणासाठी?"

याचं उत्तर कोणी दुसरा देऊ शकत नाही. एवढंच म्हणतो की दिवाळी आणि लग्नाच्या आठ दिवसांसाठी पाच खोल्या बांधल्या जातात आणि बाकी वर्ष त्यात म्हातारा-म्हातारी दोघं. त्यांना जिना चढवत नाही, संडास मागच्या अंगणात नको, आत पाहिजे, पायऱ्या कमी पाहिजेत. जे राहणार आहेत त्यांना विचारून नकाशा काढा, मुलगा व्हिडिओ कॉलवर सांगेल तो हॉल थांबू शकतो.

स्लॅबखालचा उन्हाळा

विदर्भात ४५ च्या वर पारा बहुतेक वर्षी जातो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता खाली सोडतो, म्हणून मे मध्ये नवीन घरातले लोक जुन्या घराच्या ओसरीत झोपायला जातात. छताला पांढरा चुना किंवा पांढरी फुटकी टाइल, पश्चिमेच्या बाजूला छपरी किंवा स्टोअर रूम म्हणजे दुपारचं ऊन राहत्या खोलीच्या भिंतीवर पडत नाही, खिडकी समोरासमोर, उंची साडेदहा-अकरा फूट. यातला पांढरा रंग कधीही देता येतो, बाकी तीन गोष्टी नकाशातच ठरतात. रस्ता पश्चिमेला असेल तर घराचं तोंड तिकडेच घ्यायची सक्ती नाही, पण गावात हे कोणाला पटवणं कठीण आहे.

मिस्त्री की इंजिनियर?

मिस्त्रीला हात असतो, त्यानं शंभर घरं बांधली असतील, पण ती बहुतेक एकाच मापानं बांधलेली असतात, तुमची माती बघून नाही. इंजिनियरकडून निदान पायाचा आणि सळाखीचा नकाशा काढून घ्या, त्याची फी सळाखीतच वसूल होते, कारण भीतीपोटी मिस्त्री जिथं नको तिथं जास्त टाकतो आणि जिथं पाहिजे तिथं कमी. साइटवर दोन गोष्टी तुम्ही स्वतः बघा. सळाखीखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळाख काँक्रीटच्या आत राहावी म्हणून ठेवायचा ठोकळा, आहे का, स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४०, पायाला ५०, गिट्टीचा तुकडा सरकवलेला चालत नाही. आणि मसाला पातळ करायला कोणी बादली ओततंय का, जास्तीच्या पाण्यानं काँक्रीट कमजोर होतं. ठेका मजुरीचा आहे की मटेरियलसहित, आणि फूट कशावर मोजणार, छज्जा आणि पायऱ्या धरून की सोडून, हे कागदावर लिहून सह्या घ्या.

सुरू कधी करायचं

दसऱ्याचा मुहूर्त सगळ्यांना आवडतो, पण तेव्हा सोयाबीन काढणी आणि मग कापूस वेचणी, मजूर मिळत नाही आणि मिळाला तर भाव चढलेला. मुहूर्ताची कुदळ मारून घ्या, खरं काम कापसाची पहिली-दुसरी वेचणी उरकल्यावर काढा. पाया डिसेंबर, जोता जानेवारी, स्लॅब फेब्रुवारीच्या आत, कारण काँक्रीटला किमान ७ दिवस आणि आपल्या उन्हात, पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर १० ते १४ दिवस ओलं ठेवावं लागतं, आणि एप्रिलमध्ये बोअर आटलेला असताना ते पाणी तुम्ही आणणार कुठून. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गृहप्रवेश करायचा असेल तर प्लास्टर मार्चमध्ये उरकलं पाहिजे, नाही जमलं तर प्लास्टर पुढच्या थंडीवर टाका, बिनप्लास्टरच्या घरातही राहता येतं.